उतरवून घेतलेले रविवार

आर्डिस क्वामे लायब्ररीत आल्या तेव्हाच मी ओळखलं, बाई पुस्तकासाठी आलेल्या नाहीत. दुपारची वेळ त्यांची वृद्धाश्रमात नवऱ्यापाशी बसायची, हे नॉरलंडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय कोट काढला नव्हता. कोटाची बटणंही सोडली नव्हती.

"वारा सुटलाय," त्या म्हणाल्या.

"सुटलाय खरा."

"शेतात अजून पाणी आहे म्हणे. बीट पेरायला उशीर होणार यंदा."

"होणार असं दिसतंय."

मग आम्ही रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो. किराणा दुकानातल्या नव्या पोरीबद्दल बोललो, ती अंडी पिशवीत तळाशी घालते. मग त्या "बरं, निघते मी" म्हणून दारापर्यंत गेल्या आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आमच्या मिनेसोटात कामाचं बोलणं दारात निघतं. आलेला माणूस खुर्चीत बसलेला असतो तोवर तुम्ही निर्धास्त असा. तो उठून मूठ धरील तेव्हा मात्र नीट कान द्या.

"लव्हॉन," त्या दाराकडेच बघत म्हणाल्या, "ते कंप्युटरवर व्हिडिओ असतात ना, चर्चचे. ते ठेवून घेता येतात का गं? म्हणजे इंटरनेट नसलं तरी लागतील असे? नाही, तुला वेळ नसेल तर राहू दे."

माझी लायब्ररी म्हणजे जुन्या बँकेची एक खोली. त्या दिवशी सकाळपासून दोन माणसं येऊन गेली होती, आणि त्यातला एक पोस्ट ऑफिस कुठे आहे विचारत होता. वेळ नसायला काय झालं होतं?

"बसा," मी म्हटलं.

"नको, तुझं काम चाललं असेल."

"आर्डिसबाई, बसा."

"अगं, उगीच कशाला..."

"कोट काढा आणि बसा!"

तिसऱ्यांदा म्हटल्यावर बसल्या. आमच्याकडे तिसऱ्यांदा म्हणावंच लागतं. मी इथलीच आहे, मला त्याची सवय आहे. तरी कधी कधी माझं डोकं फिरतं.

आर्डिसबाईंच्या हातचं खाऊन अख्खं गाव मोठं झालंय. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. आमच्या पिढीला वाढलं, आमच्या पोरांना वाढलं, आणि शाळा शेजारच्या गावात गेली तेव्हा डाव खाली ठेवला. कुठलं पोर घरून उपाशी येतं हे त्यांना बरोबर कळायचं. त्याच्या ताटात बटाट्याचा एक डाव जास्त पडायचा, आणि त्यांचा चेहरा असा की जणू चुकून पडला. स्वतः मात्र शेवटी जेवायच्या, तेही उभ्यानं, भांड्याच्या कडेला जे लागलेलं असेल ते. त्यांना बसून जेवताना मी लहानपणी कधी पाहिलं नाही. बीट काढायच्या दिवसांत रात्रपाळीला नवऱ्याचा ट्रक चालवायच्या. ट्रक असा हाणायच्या की बीटाच्या साखर कारखान्याच्या फाटकावरचे दांडगे गडी बाजूला व्हायचे. आता डोळे अधू झालेत. गावातल्या गावात गाडी चालवायची परवानगी आहे, पुढे नाही.

नवरा ऑर्लिन. उंच, शांत, बोलायला महाग. त्याची शेती पुतण्याला गेली आणि पाठोपाठ त्याची आठवणही जायला लागली. मागच्या थंडीत तो एकदा पायजम्यावर बर्फात ट्रक शोधत निघाला, तेव्हा त्याला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथे सकाळ बरी जायची. दुपार कलली की त्याला घरी जायची घाई व्हायची. दारं ओढायचा, आडवं येईल त्याला ढकलायचा. एका मदतनीस मुलीचा हात त्यानं असा पिरगळला की तिला काही दिवस गळ्यात झोळी बांधून फिरावं लागलं. जेवण तर जवळजवळ सोडलंच होतं. आणि बायकोला तो "बाई" म्हणायला लागला होता. "बाई, तुम्ही इथल्याच का?" असं विचारायचा. आर्डिसबाई म्हणायच्या, "हो, इथलीच."

हे सगळं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, तेही हवामान सांगावं तशा आवाजात. मग तिथली मुख्य नर्स ट्रिश काय म्हणाली ते सांगितलं. असंच चालू राहिलं तर ऑर्लिनला इथे ठेवता यायचं नाही. अशा रोग्यांसाठी कुलूपबंद विभाग असलेल्या जागी, दूर शहरात हलवावं लागेल. हायवेनं दोन तासांचा रस्ता.

"आणि मला तर गावाबाहेर गाडी नेता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मुलगा?"

"फिनिक्सला असतो. त्यानं मला एक टॅब पाठवलाय. चांगला आहे मुलगा."

त्या टॅबवर त्यांनी एकदा, काही सुचेना म्हणून, चर्चची जुनी प्रार्थना लावली होती. साथीच्या काळात चर्च बंद झालं तेव्हा कुणीतरी मागच्या गॅलरीत एक कॅमेरा बसवला होता, आणि तेव्हापासून दर रविवारची प्रार्थना इंटरनेटवर जात होती. बघणारे इनमीन पाच. पण ऑर्लिननं ती पाहिली आणि बसला. हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, शेवटच्या आशीर्वादापर्यंत बसला. संपल्यावर म्हणाला, "आता जेवायचं ना?" आणि जेवला. चर्च सुटलं की तळघरात जेवण, हे त्याच्या हाडात मुरलं होतं, ते अजून तसंच होतं.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

अडलं होतं दोन ठिकाणी. वृद्धाश्रमातलं इंटरनेट नाव घेण्यासारखं नाही. गीत अर्ध्यावर अडकायचं, पडद्यावर ते गोल गोल फिरत राहायचं, आणि ऑर्लिन उठायचा. एकदा उठला की पहिल्यापेक्षा वाईट. आणि दुसरं म्हणजे आमचं चर्चच बंद होत होतं. माणसं उरली नव्हती. मतदान झालं, शेवटची प्रार्थना झाली, आम्ही सगळे रडलो आणि तळघरातल्या खुर्च्या वाटून घेतल्या. महिनाअखेर चर्चची सगळी खाती बंद होणार होती, आणि त्यांच्याबरोबर ते व्हिडिओही जाणार होते.

"पास्टर कार्लाला विचारलंत?"

"विचारलं. ती म्हणाली, खुशाल घ्या, तुमचेच आहेत. पण कसे घ्यायचे ते तिलाही माहीत नाही. ज्यानं कॅमेरा बसवला तो टेक्सासला गेला."

तर असा सगळा मामला होता. महिनाअखेरच्या आत ते रविवार एका पेन ड्राइव्हवर यायला हवे होते. वृद्धाश्रमातल्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लागतो, तेवढं त्यांनी स्वतः जाऊन पाहून ठेवलं होतं.

"मी करून देते सगळे," मी म्हटलं. "दोन दुपारींचं काम आहे."

"छे छे, तू कशाला? मला दाखव फक्त."

"अहो, मला काही त्रास नाही."

"नाही गं, मला दाखव. मी करीन."

इथे मी तिसऱ्यांदाही म्हटलं आणि चौथ्यांदाही म्हटलं. पण हे वेगळं 'नाही' होतं. नवऱ्याचं काम बाईला स्वतःच्या हातानं करायचं होतं. मी हट्ट सोडला आणि त्यांचा लॅपटॉप मागवला.

दुसऱ्या दिवशी त्या लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घेऊन आल्या. बरोबर वड्यांचा डबा. आमच्याकडे ओट, चॉकलेट, लोणी असलं काहीबाही थापून भट्टीत भाजतात आणि चौकोनी कापतात, त्या वड्या. कुठेही रिकाम्या हातानं जायचं नसतं. मी ब्राउझर उघडला, कोपऱ्यातलं कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह दाखवलं, आणि व्हिडिओ उतरवून घेणारं एक ॲड-ऑन शोधून काढलं. बसवण्याआधी ब्राउझरनं विचारलं, याला परवानगी द्यायची का? आर्डिसबाईंनी चटकन 'नाही' दाबलं.

"अहो!"

"एकदम हो कसं म्हणायचं?"

"ते यंत्र आहे. ते पुन्हा विचारणार नाही."

"मग त्याला रीतभात नाही," त्या म्हणाल्या.

पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. या खेपेला 'हो' म्हटलं, पण ओठ घट्ट मिटून. ॲड-ऑनचा एक छोटा बाण वर कोपऱ्यात येऊन बसला, करड्या रंगाचा. मी समजावलं: चर्चचा व्हिडिओ उघडा, चालू करा. व्हिडिओ चालू झाला की या बाणाला त्याचा वास लागतो आणि तो हिरवा होतो. हिरवा झाला की दाबायचा. दाबला की खाली यादी येते, एकच व्हिडिओ लहानमोठ्या आकारांत. त्यातला एक निवडायचा. झालं. मग व्हिडिओ बंद करून पुढचा लावायचा.

त्यांनी पहिला रविवार चालू केला. बाण हिरवा झाला. दाबला. यादी आली.

"आता मोठा घ्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा हसल्या, आणि काहीतरी दाबलं. फाइल उतरायला लागली. तेवढ्यात पोस्टातला माणूस पार्सल घेऊन आला आणि मी सही करायला गेले. परत आले तर आर्डिसबाई हात मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसलेल्या. फाइल केव्हाच उतरली होती. पास्टर कार्लाचं प्रवचन चालू होतं.

"झालं ते," मी म्हटलं. "बंद करा आता."

"प्रवचन चाललंय."

"दिसतंय मला. पण ते उतरलं आता. पुढचा लावा."

"लव्हॉन," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आशीर्वादाच्या आधी उठून जाऊ मी? आजवर गेले नाही."

मी हात टेकले. मीही सोबत बसले, गीतं ऐकली, आशीर्वाद घेतला, वड्या खाल्ल्या. असं आणखी दोन दुपारी झालं. दुपारी एक रविवार, या हिशेबानं महिनाअखेर काय हाती लागणार होतं? शेवटी मी जरा आवाज चढवला. म्हटलं, "तुम्ही आशीर्वाद घेत बसा, आणि तिकडे ऑर्लिनला शहरात नेऊन टाकतील!"

बोलले आणि जीभ चावली. पण त्यांना राग आला नाही.  त्यांनी पुढचा व्हिडिओ चालू केला, बाण हिरवा झाल्यावर दाबला, आणि पास्टर कार्ला "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणायच्या आत पुटपुटल्या, "माफ कर गं, कार्ला, मला घाई आहे," आणि बंद केला. प्रत्येक व्हिडिओला तेच. पण हात चालायला लागला. स्वयंपाकघरात शेकडो ताटं वाढलेला हात तो, एकदा लय सापडली की थांबत नाही. दोनचार दिवसांत त्यांनी मला सांगितलं की आता त्या घरीच करतील, लायब्ररीची वीज कशाला जाळायची.

मी म्हटलं, "करा. फक्त मोठा घ्यायला विसरू नका. प्रत्येक वेळी सगळ्यात मोठा."

"हो हो," त्या म्हणाल्या, आणि डब्यातली उरलेली अर्धी वडी माझ्यासाठी ठेवून गेल्या.

महिना संपला. चर्चचं पान एका सकाळी गेलं. त्या जागी नुसता करडा चौकोन आणि 'उपलब्ध नाही' असं वाक्य. त्याच दिवशी आर्डिसबाई आल्या. वारा, पाणी, रस्ते यांतलं काही न बोलता सरळ खुर्चीत बसल्या. असं मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"सगळे," त्या म्हणाल्या. "एकूण एक रविवार. दोन्ही ईस्टर, नाताळ, पीटरसनांच्या पोरीचं लग्नसुद्धा."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? मी पेन ड्राइव्ह लावला आणि पहिली फाइल उघडली.

पडद्यावर रंगांचे ठिपके हलत होते. वेदीच्या जागी पांढरट धब्बा, त्याच्यापुढे एक हिरवा धब्बा, तो बहुधा पास्टर कार्ला. बाकांच्या रांगा म्हणजे तपकिरी पट्टे आणि त्यांवर कुठे कुठे ठिपके. आवाज तेवढा स्वच्छ होता. मी दुसरी फाइल उघडली. तिसरी उघडली. सगळ्या तशाच. यादीतल्या तळाच्या ओळीतला, टपाल तिकिटाएवढ्या चित्राचा व्हिडिओ होता प्रत्येक.

"आर्डिसबाई, कुठला आकार घेतलात?"

"सगळ्यात लहान."

"मी काय सांगितलं होतं? मोठा घ्या म्हटलं होतं ना? कितीदा म्हटलं!"

"म्हटलं होतंस," त्या गोंधळून म्हणाल्या. "तू म्हणणारच. कुणाकडेही गेलं तरी मोठा घ्या असंच म्हणतात. म्हणून काय घ्यायचा? लोक काय म्हणतील?"

त्यांचंही बरोबर होतं. कारण हे असंच आहे. आमच्याकडे यजमान वड्यांचं ताट पुढे करतो आणि मोठी घ्या म्हणतो, आणि पाहुण्यानं कोपऱ्यातली, मोडकी, सगळ्यात लहान उचलायची असते. मोठी उचलली तर आठवडाभर गावात चर्चा. माझ्या आईनं मला याच कारणावरून चारचौघांत चिमटा काढला होता. मी त्यांना यंत्राची सूचना देत होते, आणि त्या माझा पाहुणचार समजून मान राखत होत्या.

"आणि तुम्हाला दिसलं नाही? हे असं धूसर?"

"मला सगळंच असं दिसतं, लव्हॉन," त्या म्हणाल्या.

मी चिडले. खूप चिडले. त्यांच्यावर, त्या ॲड-ऑनवर, या गावावर, जिथे माणूस स्वतःच्या नवऱ्यासाठीसुद्धा मोठा तुकडा उचलू शकत नाही. पुन्हा उतरवायला आता काही शिल्लक नव्हतं. मी तरी ते पान उघडून पाहिलं. करडा चौकोन. पास्टर कार्लाला फोन केला. ती म्हणाली, खातं गेलं, मूळ फाइली कुणी ठेवल्याच नव्हत्या. आर्डिसबाई पेन ड्राइव्हकडे बघत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आज दुपारी ट्रिश येणार आहे बघायला," त्या म्हणाल्या. "काल त्यानं जेवणाचं ताट फेकलं. तिनं शहरातल्या जागेला फोन केलाय. आज काही फरक दिसला नाही तर नाव नोंदवणार आहे." मग म्हणाल्या, "तू येशील का? नाही, तुझं काम..."

मी लायब्ररीला कुलूप लावलं.

ऑर्लिन खोलीच्या मधोमध उभा होता, टोपी घालून. खिशात किल्ल्या शोधत होता. त्याच्या खिशात आता किल्ल्या नसतात. दाराशी ट्रिश उभी होती, हाताची घडी घालून. ती वाईट बाई नाही. तिच्या मदतनीस पोरींना मार बसत होता, तिनं तरी काय करावं?

"बाई, माझी गाडी काढा," ऑर्लिन आर्डिसबाईंना म्हणाला. "चर्चला उशीर होतोय."

"हो, निघूच," आर्डिसबाई म्हणाल्या.

मी टीव्हीच्या मागे वाकून पेन ड्राइव्ह घातला.  त्या मोठ्या पडद्यावर ते चित्र आणखीच वाईट दिसणार, नुसतं रंग सांडल्यासारखं, आणि या माणसाला त्यातलं काय कळणार? मी डोळे मिटून बटण दाबलं.

ऑर्गन सुरू झाला. ऑर्लिननं टोपी काढली. आर्डिसबाईंनी त्याची खुर्ची पुढे केली, तो बसला. स्वतः त्याच्या डाव्या हाताला, दाराच्या बाजूला बसल्या. तिथेच त्या नेहमी बसतात, म्हणजे नर्सला हाक मारायला बरं पडतं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बोट उचललं.

"हॅलव्हरसन," तो म्हणाला.

मी पडद्याकडे पाहिलं. डावीकडे, पुढून तिसऱ्या पट्ट्यावर एक करडा ठिपका.

"ही नेसेथ. तो तिचा भाऊ, तो झोपलाय. ते पीटरसन. खिडकीशी म्हातारी ओल्गा, तिला वारा लागतो." बोट एकेका बाकावरून सरकत होतं. "ते रिकामं आहे ते टोरगरसनांचं. ते थंडीपुरते फ्लोरिडाला गेले असतील."

एकही नाव चुकलं नाही. मी त्या चर्चमध्ये वाढले, मला माहीत आहे. आमच्याकडे चर्चमध्ये जागा ठरलेल्या असतात. कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत, पण आजोबा जिथे बसले तिथे नातू बसतो. आणि नवखा पाहुणा चुकून ओल्गाच्या जागी बसला तर ओल्गा काही बोलत नाही, तासभर भिंतीला टेकून उभी राहते. ऑर्लिनला चेहरे नकोच होते. कॅमेरा मागच्या गॅलरीत, चेहरे तसेही कधी दिसले नसते. चित्र स्वच्छ असतं तर हे झालं असतं की नाही, मला ठाऊक नाही. झालंही असतं. पण ट्रिशनं हाताची घडी सोडली, एवढं मी पाहिलं.

मग त्याचं बोट थांबलं. उजवीकडच्या एका बाकावर, खिडकीच्या बाजूला, एक निळा ठिपका होता. शेजारी कुणी नव्हतं. तो इथे आल्यानंतरचा कुठलातरी रविवार असणार.

"ती माझी बायको," ऑर्लिन म्हणाला. "एकटी बसलीय."

आर्डिसबाईंनी पुढे वाकून त्या निळ्या ठिपक्याकडे पाहिलं.

"माझ्यासाठी थांबलीय ती," तो म्हणाला, आणि उठला. आवाज चढला. "मला जायला पाहिजे. बाई, सरका!" त्यानं खुर्ची मागे ढकलली. ट्रिश एक पाऊल आत आली. मला वाटलं, संपलं सगळं.

आर्डिसबाई उठल्या. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली, घाई न करता, आणि त्याच्या मागून फिरून पलीकडे नेली. त्याच्या उजव्या हाताला, खिडकीच्या बाजूला ठेवली. बसल्या. अंगावरचा निळा कोट सारखा केला, हात मांडीवर ठेवले, आणि त्याच्याकडे न बघता पडद्याकडे बघू लागल्या, बायका चर्चमध्ये बघतात तसं.

ऑर्लिन उभाच होता. त्यानं दाराकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला पाहिलं. बाकावर सरकून बसतात तसा तो अलगद, कुणाला धक्का लागू नये म्हणून गुडघे आवरून, खाली बसला.

"उशीर झाला मला, आर्डिस," तो म्हणाला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आत्ताच सुरू झालंय."